एका देवळाच्या तीन जागा

हौसानं आणि मी मिळून शेवटचं साधं काम केलं ते गोधडी पिळायचं. माघ सरत आला होता, ऊन बरं पडलं होतं, आणि थंडीभर अंगाखाली घातलेली जाड गोधडी तिला धुवायचीच होती. सून म्हणाली, मशीनला टाकते. हौसा म्हणाली, "तुझं मशीन मरंल तिच्याखाली." मग नळाजवळच्या दगडावर तिनं ती आपटली, तुडवली आणि मला हाक मारली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी नेहमीसारखा चुकीच्या अंगाला पीळ घातला. "आवं, उलटं पिळा, उलटं! जल्म गेला, अजून कळंना?" मी म्हणालो, तूच उलटी उभी हायेस. ती हसली, पाणी निथळलं, गोधडी आम्ही गडग्यावर टाकली. रात्री पिठलं-भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, चांगलं मरण आलं. असेल. मला कुणी विचारलं नव्हतं.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि बावधनला राहणारी नात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, आजीचं नि तुमचं लव्ह मॅरेज होतं का?" मी म्हणालो, लव्ह कसलं, लाँच मॅरेज होतं. तिला कळलं नाही. मी सांगत गेलो तशी ती म्हणाली, हे लिहून काढा. मी चौथी शिकलेला माणूस, तेही मास्तरांनी दया केली म्हणून. पण बसल्या बसल्या रडण्यापेक्षा लिहिणं बरं. आणि हे प्रकरण रडायचं नाहीच.

धरणाच्या पाण्यावर तेव्हा एक लाँच चालायची. आता ज्या काठावर फार्महाउसं आणि हॉटेलं झालीत, तिथं तेव्हा करवंदीच्या जाळ्या होत्या आणि लाँचचा धक्का होता. पाण्याच्या ह्या अंगाला आमची वरची वाडी, त्या अंगाला पल्याडची वाडी. दोन्ही वाड्या मुळात एकच गाव. ते गाव धरणाखाली गेलं, म्हणून अर्धी माणसं हिकडं चढली, अर्धी तिकडं. ते माझ्या जन्माच्या आधी. बा सांगायचा, पाणी अंगणात आलं तरी म्हातारी माणसं जात्यावर बसून होती. आमच्या घरात त्या जुन्या गावाचं एवढंच उरलं होतं: एक जातं, एक लाकडी काठवट, आणि बाचं तोंड. ते तोंड जुन्या गावावर एकदा सुरू झालं की आय नाचणीची भाकरी थापता थापता म्हणायची, "आता गाव बुडूस्तवर थांबायचं न्हाई ह्ये." सकाळी जात्याची घरघर आणि खालून लाँचच्या इंजिनाचं फटफट, ह्या दोन आवाजांवर आमचा दिवस सुरू व्हायचा.

मिसरूड फुटायच्या वयात मी त्या लाँचवर खलाशी म्हणून लागलो. दोर बांधायचा, दोर सोडायचा, काठीनं पाणी मापायचं, बायांच्या पाट्या चढवायच्या. माझ्यावर तीन माणसं होती, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात चौथीनंतर भर पडली असेल तर ती ह्या तिघांमुळं.

सुकाणूवर बाबूचाचा. आमच्या बुडालेल्या गावचे मुलाणी. दोन्ही वाड्यांच्या जत्रेत बोकड त्यांच्याच हातानं कापला जायचा. ते बिस्मिल्ला म्हणाले नाहीत तर आमच्यातली म्हातारी माणसं मटणाला शिवायची नाहीत. भैरोबाचा बोकड आणि मुलाण्याची सुरी, ह्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. इंजिनावर मोशे मिस्त्री. ते घाटाखालचे, कोकणातले बेने इस्रायल. त्यांचे आजे-पणजे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून त्यांना तिकडं शनवार तेली म्हणत. मिस्त्री शनिवारी इंजिनाला हात लावायचे नाहीत. हँडल मी मारायचा, ते लांब बसून "हळू, हळू" म्हणायचे. आणि तिकिटाला याकोब साळवे, नगरकडचे ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेले, अंगात कोट, बोलणं स्वच्छ. त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. लाँचच्या साखळीची किल्ली त्यांच्या खिशात, आणि रविवारी ते ती किल्ली काढायला सतरा आढेवेढे घ्यायचे. चाचा शुक्रवारी दुपारी लाँच धक्क्याला लावून नमाजाला बसायचे. म्हणजे देव एक आणि सुट्टीचे वार तीन. माझा कुठलाच वार नव्हता, म्हणून सगळे वार माझेच.

तिघंही सांगायचे, देव एकच. मूर्ती नाही, रूप नाही, दुसरा नाही. हे सांगताना तिघांचा आवाज सारखा व्हायचा. पुढच्या वाक्याला भांडण. बकरी ईदच्या सुमाराला जेवताना चाचांनी मला गोष्ट सांगितली, की इब्राहीम नबींनी देवाच्या शब्दाखातर आपला पोरगा इस्माईल कापायला काढला, नि देवानं त्याच्या जागी मेंढा पाठवला.

मिस्त्री म्हणाले, "इस्माईल नव्हे. इसहाक."

"इस्माईल."

"आमच्या पुस्तकातही इसहाकच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"दोगं झाला म्हंजी खरं झालं व्हय?" चाचांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "उद्या तिगं येऊन म्हंतील, ही लाँच न्हाई, बैलगाडी हाय."

मी विचारलं, "पोरगं वाचलं ना पन शेवटी?"

तिघं एकदम म्हणाले, "वाचलं."

"मग झालं की."

तिघांनी माझ्याकडं असं बघितलं की मी डबा घेऊन नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसलो. तिघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं, आणि ते माझ्या विरुद्ध होतं.

जेवणाचंही तसंच. पाण्यात गळ टाकला आणि बिनखवल्याचा मासा लागला तर मिस्त्री तो खायचे नाहीत. डुकराचं नाव काढलं तर मिस्त्री आणि चाचा एका बाजूला, भाऊसाहेब दुसऱ्या. भाऊसाहेबांना सगळंच चालायचं, म्हणून दुसऱ्याचा डबा आधी त्यांच्याच हाताला लागायचा. लाँचच्या बुडाला नवा पंखा बसला तेव्हा मिस्त्रींनी नवस फेडायला मलिदा केला, पोहे, गूळ, खोबरं, वेलदोडा, वर केळ्याचे काप. चाचा खाता खाता म्हणाले, "मलिदा आमच्या दर्ग्यावरचा. तुमी आमचा उचलला." मिस्त्री म्हणाले, "आमचे पूर्वज समुद्रातून आले तेव्हा तुमचा दर्गा कुठं होता?" भांडण चालू आणि ताट रिकामं होत चाललेलं. भाऊसाहेब तिसऱ्यांदा घेत होते. येशूवरून तर रोजचंच. मिस्त्री म्हणायचे, यायचा तो अजून यायचा आहे. भाऊसाहेब म्हणायचे, येऊन गेला आणि परत येणार. चाचा म्हणायचे, आला, खरा नबी होता, परत बी येनार, पन देवाचा मुलगा न्हवं, आन त्याच्यामागून शेवटचे नबी बी आले. मी एसटीच्या फाट्यावर वाढलेला माणूस. एकाच गाडीची वाट बघणारी तीन माणसं मला तिथं रोज दिसायची. एक म्हणायचा आली नाही, दुसरा म्हणायचा गेली, परतीला येईल, तिसरा म्हणायचा, आरं तिच्या मागची बी गेली.

एकदा मी विचारलंच. "तिगं म्हनता देव एक. मग भांडता कशापायी?"

मिस्त्री ऑइलचे हात चिंधीला पुसत होते. म्हणाले, "एक आहे म्हणून तर भांडतो, किसन. दोन असते तर म्हणालो असतो, तुझा तू घे, माझा मी घेतो. तंटा कशाला?"

चाचा सुकाणूवरून ओरडले, "ह्ये मातर खरं बोललास!" आणि मग दोघंही घाईनं आपापल्या कामाला लागले. एकमेकांचं पटलं की त्यांना कसंतरी व्हायचं.

तेव्हा मला ते अर्धंच कळलं. पुरतं कळलं ते हौसामुळं.

हौसा पल्याडच्या वाडीची. आठवड्याच्या बाजाराला ती लाँचनं यायची, डोक्यावर करवंदांची पाटी आणि काखेत कोंबडी. भाऊसाहेबांनी कोंबडीचं अर्धं तिकीट फाडलं. ती म्हणाली, "कोंबडी बसलीया का? मी धरलीया तिला. जागा माझीच हाय." भाऊसाहेब म्हणाले, नियम आहे. ती म्हणाली, "मग उतरवा तिला हितंच. पवत यील." सगळी लाँच हसली. मी दोर सोडायचा विसरलो, आणि चाचा ओरडले, "किसन्या, लाँच बांदल्याली हाय आजून, तुजं डोळं सुटल्यात!" पुढच्या बाजारापासून मी तिची पाटी आधी चढवायला लागलो. ती म्हणायची, "दुसऱ्या बायांच्या पाट्या काय माकडं चढवनार?" पण पाटी द्यायची माझ्याच हातात.

आयला मी सांगितलं. आयनं बाला सांगितलं. बा म्हणाला, "पोरगी ब्येस हाय. वाडी वंगाळ हाय."

ह्याचं कारण भैरोबा. गाव बुडायला लागलं तेव्हा देव हलवायची घाई झाली. आमच्या लोकांनी गाभाऱ्यातला तांदळा, म्हणजे देवाचा मूळ दगड, उचलून वर आणला. पल्याडच्या लोकांनी देवाचा पितळी मुखवटा उचलून तिकडं नेला. आता आम्ही म्हणायचो, दगड म्हणजे देव, मुखवटा नुसता दागिना. ते म्हणायचे, देवानं तोंड आमच्याकडं केलं, तुमच्याकडं राहिला धोंडा. तेव्हापासून दोन्ही वाड्यांत सोयरीक नाही, एकमेकांच्या जत्रेचं जेवण नाही. आणि गंमत बघा. शेजारच्या गावच्या म्हसोबाला बा हात जोडायचा. दर्ग्यावरून जाताना चप्पल काढायचा. भाऊसाहेबांच्या घरच्या नाताळच्या करंज्या दोन्ही हातांनी खायचा. कुणाच्या देवाशी त्याचं वैर नव्हतं. फक्त पल्याडच्या वाडीचा भैरोबा म्हटलं की त्याच्या कानशिलाची शीर उडायची. कारण तो भैरोबा त्याचाच होता. परक्याच्या शेताचा बांध कोण कोरतंय? बांध कोरायचा तो भावाचा.

आता टीव्हीवर बघतो, तिकडं त्या पवित्र म्हणवणाऱ्या गावांत काय चाललंय ते. हौसा म्हणायची, बंद करा. मी बंद करायचा. माझं डोकं त्या मोठ्या भांडणाला पुरत नाही. पण मला आमच्या दोन वाड्या दिसायच्या.

तर हौसाचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, ते माणूस म्हणून वाईट नव्हते. चाचांनी मध्ये पडून बोलणी केली, कारण चाचांनी दोन्ही वाड्यांचं मीठ खाल्लं होतं. देणं-घेणं जमलं, मानपान जमलं. अडलं ते हळदीवर. आमच्यात लग्नाची हळद पहिली गावदेवाला लावतात, उरलेली नवरा-नवरीला. तात्या म्हणाले, हळद पहिली आमच्या भैरोबाला. बा म्हणाला, दगड हितं असताना मुखवट्याला हळद? तात्या म्हणाले, "पौडाकडचं एक स्थळ आलंया. वैशाख सरायच्या आत तुमचं न्हाई ठरलं, तर पोरगी तिकडं दिली म्हनून समजा." आणि तात्या बोलल्याप्रमाणं करणारा माणूस होता, एवढं दोन्ही वाड्यांना माहीत होतं. मी तीन दिवस नीट जेवलो नाही. आय म्हणाली, सुकट केलीया रं तुझ्या आवडीची. मी म्हणालो, भूक न्हाई. बा म्हणाला, "मला दे." असा माणूस.

तोड काढली ती चाचांनी. धक्क्यावर दोन्ही बाजूंना बसवून ते म्हणाले, "आरं, देव तुमी हलवला. देऊळ कुनी हलवलं का? देऊळ अजून खाली हाय. एकच हाय. घाला हळद तितं." बा आणि तात्या एकमेकांकडं बघायचे नाहीत, पण दोघांनी चाचांकडं बघितलं. दोघांचीही मान हलली. खरं तर भर उन्हाळ्यात पाणी ओसरायचं आणि जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडायच्या, पण त्या साली धरणवाल्यांनी पाणी सोडलंच नव्हतं. सगळं गाव पाण्याखाली. म्हणून लाँच.

वारावरून पुन्हा घोळ. भटजींनी शनिवार काढला, मिस्त्री म्हणाले मी इंजिन लावणार नाही. बा म्हणाला, भैरोबाचा वार रविवार. भाऊसाहेबांनी खिशातली किल्ली चाचपली. शुक्रवार चाचांनीच नको म्हटला. शेवटी सोमवार ठरला, कारण सोमवारी ह्यांतल्या कुणाचाच देव काही मागत नव्हता.

सोमवारी सकाळी लाँच निघाली. मागच्या बाकावर बा आणि आय, आयच्या मांडीवर हळदीची वाटी. पुढच्या बाकावर तात्या आणि हौसाची आई, तिच्या मांडीवरही वाटी. मधला बाक रिकामा. मी काठी घेऊन नाळेवर. पाणी हिरवंगार, आणि वारा थोडा उठलेला. चाचा लहानपणी त्या देवळात घंटा वाजवून पळालेले. त्यांनी समोरची खिंड आणि काठावरचा वड एका रेघेत धरला आणि म्हणाले, "हितं." मी काठी घातली. काठी चिखलात गेली.

मिस्त्री म्हणाले, "मी सांगतो. इतकी वर्षं उन्हाळ्यात बघतोय मी देऊळ. ह्याच्यापेक्षा बरंच पुढं." लाँच पुढं गेली. काठी चिखलात.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "कचेरीतल्या नकाशावर देऊळ ओढ्याच्या उजव्या हाताला आहे. आपण डाव्या हाताला आलोय."

"वढा कुटं दिसतोय तुमाला पान्यात?" चाचा म्हणाले.

"नकाशात दिसतो."

"मग नकाशावर घाला हळद!"

तरी गेलो. चिखल. मग जे सुरू झालं ते काय सांगू. चाचा म्हणाले, मी त्या गावात जन्मलो. मिस्त्री म्हणाले, तू गाव सोडलंस तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, लिहिलेलं खरं मानायचं की तोंडचं? चाचा म्हणाले, लिवल्यालं आमच्याकडं बी हाय. आता हे देवळाबद्दल चाललं होतं की दुसऱ्याच कशाबद्दल, मला कळेना. तिघांना मान्य होतं की देऊळ आहे. तिघांना मान्य होतं की एकच आहे. तिघांपैकी कुणालाही ते दिसत नव्हतं. आणि तिघांचा आवाज चढत चढत इंजिनाच्या वर गेला. मिस्त्रींनी आपलं म्हणणं नीट ऐकू जावं म्हणून इंजिनच बंद केलं.

 तात्या हळूच हौसाच्या आईला म्हणाले, "चल. देवाच्या मनात न्हाई." मी ते ऐकलं. बानंही ऐकलं. बा म्हणाला, "मुखवटा ठेवून घेताना बरं देवाचं मन कळलं!" तात्या उठले, बा उठला, लाँच एका अंगाला कलली, आय ओरडली, "बसा, मुडद्यांनो!" होणाऱ्या व्याह्यांना उद्देशून तिनं म्हटलेलं हे पहिलंच वाक्य.

आणि त्याच वेळी खालून आवाज आला. खर्रर्र. लाँच वाऱ्यानं कुठल्या कुठं वाहवत गेली होती, कुणाचं लक्षच नव्हतं. तळाला काहीतरी घासलं आणि लाँच थांबली. मी काठी घातली. टण. दगड. बाजूला घातली. टण. मी म्हणालो, "दगुड हाय. बांदल्याला हाय."

 भाऊसाहेबांनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. चाचांनी गळ्यातला रुमाल डोक्यावर घेतला. मिस्त्रींनी खिशातली टोपी काढून घातली. देवासमोर एकाचं डोकं उघडं झालं आणि दोघांची झाकली गेली, आणि ह्यावर मात्र कुणी भांडलं नाही. बा आणि तात्या एकाच कडेला येऊन हात जोडून उभे राहिले, एवढे जवळ की खांद्याला खांदा लागत होता. आयनं आणि हौसाच्या आईनं वाट्या कलंडवल्या. पाणी पिवळं झालं, पसरलं, आणि दोन्ही वाट्यांचं एक झालं. हौसाची आई म्हणाली, "वन्सं, मागल्या दारची घागर घासायला आपुन हितंच यायचो, न्हाई?" आय म्हणाली, "माजी घागर तू दडवायचीस." एवढ्या वर्षांत त्या दोघी पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलल्या त्या घागरीचं.

"मी म्हनलं व्हतं, हितंच," चाचा म्हणाले.

"हे माझ्या जागेच्या जवळ आहे," मिस्त्री म्हणाले.

"ओढ्याच्या उजव्या हाताला," भाऊसाहेब म्हणाले, आणि हॅट घातली.

तात्या म्हणाले, "आता एक करा. नवऱ्या मुलानं उद्या सकाळी एकट्यानं हितलं पानी आणावं. दोन्ही घरची आंगुळ त्याच देवाच्या पान्यानं." बा म्हणाला, "बोलला बगा शाना मानूस." मग मी एक वाळका भोपळा दोराला बांधला, दोराच्या दुसऱ्या टोकाला धोंडा, आणि खूण म्हणून तिथं सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छोटी होडी काढली. दोन घागरी घेतल्या, कोयता कमरेला. पाण्यावर धुकं नव्हतं, वारा नव्हता, वाडीतून जात्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. भोपळा होता तिथंच तरंगत होता. घागरी भरायच्या आधी मला वाटलं, इथवर आलोय तर देवळाला हात लावावा. माझं लग्न ह्यानं जमवलं. सदरा काढला आणि बुडी मारली. पाणी माणूसभर. हाताला भिंतीचं डोकं लागलं. चाचपत खाली गेलो. कळस नाही. शिखर नाही. भिंतीला एक लोखंडी कडी लागली, जाडजूड, गंजलेली. पुढं अजून एक. मग तळाशी एक लांबोडी दगडी डोण, गुरांना पाणी पाजायची.

देवळात कड्या कशाला? आणि डोण?

मी वर आलो, दम घेतला, आणि बा रात्री जुन्या गावाचं बोलायचा ते आठवलं. गावाच्या तोंडाशी कोंडवाडा होता. चुकार गुरं तिथं बांधायचे. एकदा आमची म्हैस तिथं अडकली आणि तिच्यापायी बा आणि तात्या, दोघं पोरसवदा, रात्रभर भिंतीवर बसून होते. मला पाण्यातच हसू आलं आणि नाकात पाणी गेलं. ती हळद, ते हात जोडणं, ती टोपी, तो रुमाल, ती हॅट, सगळं कोंडवाड्याला. तिघांच्या तीन जागा चुकल्या आणि चौथी वाऱ्यानं दाखवलेली तीही चुकली. हे मी फक्त हौसाला सांगितलं, लग्नानंतर. ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं. म्हणाली, "बरोबर जागंला गेली की हळद. चुकार गुरं आपुनच न्हाई का?" आणि पुढं आयुष्यभर माझ्यावर चिडली की म्हणायची, "कोंडवाड्यातनं सोडवून आनलंया मी तुमाला, इसरू नका." मिस्त्री पुढं बायको-पोरांसह त्यांच्या देवाच्या देशाला निघून गेले. फाट्यावर चाचा त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि रडता रडता म्हणाले, "तितं तरी म्हन, इस्माईल." मिस्त्री म्हणाले, "इसहाक." दोघंही गेले आता. देवळाची जागा त्यांना मरेपर्यंत तीच वाटली, आणि मी ती तशीच राहू दिली.

पण त्या सकाळी हे पुढचं काही मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की वैशाख सरायला थोडे दिवस आहेत, पौडाकडचं स्थळ अजून उभं आहे, आणि आज-उद्या वाडीतलं कुणीतरी पोर पाण्यात उतरून माझ्यासारखा हात लावील. मी होडीत चढलो. दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या आणि तोंडाला करंजाची पानं लावली. कोयता काढला आणि भोपळ्याचा दोर कापला. धोंडा खाली गेला. भोपळा जरा वेळ होडीला लागून राहिला, म्हणून मी त्याला वल्ह्यानं लांब ढकलला. मग आधी पल्याडच्या वाडीकडं वल्हं मारलं. काठावर हौसाची आई वाट बघत उभी होती. लांबूनच ओरडली, "घावलं का रं देवाचं पानी?"

"घावलं," मी म्हणालो, आणि तिची घागर तिच्या डोक्यावर चढवली.